अपघाताआधी लिहायची वाक्ये

दरवर्षी १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक काम उरकले जाते. भारत आपल्या अणुकेंद्रांची यादी पाकिस्तानच्या हाती देतो आणि पाकिस्तान आपली भारताच्या हाती. यादीत अणुभट्ट्या असतात, इंधन तयार करणारे कारखाने असतात, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारी केंद्रे असतात. प्रत्येकापुढे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, असा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. तो २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला आणि पहिली यादी १ जानेवारी १९९२ ला दिली गेली. पुढे कारगिलचे युद्ध झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर हल्ला झाला, मे २०२५ मध्ये दोन्हीकडून क्षेपणास्त्रे सुटली. यादी मात्र एकाही वर्षी चुकली नाही.

करार जेमतेम पान-दोन पानांचा आहे. शेजाऱ्याने दिलेली यादी खरी आणि पूर्ण आहे की नाही, हे तपासायची सोय त्यात नाही. तरीही तो टिकला. माझ्या मते त्याचे मोठे श्रेय मसुदा लिहिणाऱ्यांना जाते. त्यांनी ‘वेळोवेळी माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता थेट तारीख घातली. संबंध बिघडले की वेळोवेळी करायच्या गोष्टी सर्वांत आधी बंद पडतात. ठरलेली तारीख टाळायची तर मात्र कुणाला तरी उघडपणे ‘आम्ही देत नाही’ असे म्हणावे लागते, आणि ते म्हणायला आजवर दोघांपैकी कुणीही धजावलेले नाही.

अशी वाक्ये लिहिणे, तपासणे, त्यांतल्या फटी शोधणे हा ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय आहे, त्या आंतरराष्ट्रीय अणू आणि ऊर्जा कायद्याच्या अभ्यासकांविषयी हा लेख आहे. शास्त्रज्ञ आणि अभियंते आपल्याला माहीत असतात. होमी भाभांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण १९८१ पासून २००९ पर्यंत, सलग अठ्ठावीस वर्षे, व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुखपद कायदेपंडितांकडे होते, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. स्वीडनचे हान्स ब्लिक्स आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत असत. त्यांच्यानंतर आलेले इजिप्तचे मोहम्मद अल-बारादेई याच संस्थेचे कायदा सल्लागार होते. २००५ चे शांततेचे नोबेल त्यांना आणि संस्थेला विभागून मिळाले.

या कायद्याचे स्वतःचे असे एकच पुस्तक नाही. अण्वस्त्रप्रसार रोखणारे करार एकीकडे, अणुभट्टीच्या सुरक्षेचे दुसरीकडे, अणुसामग्रीची चोरी आणि घातपात यांविषयीचे तिसरीकडे, आणि अपघात झाला तर पैसे कुणी द्यायचे हे ठरवणारे चौथीकडे. ऊर्जा कायदा म्हटला की यात गुंतवणुकीचे करार आणि लवादाचे खटलेही येतात. अभ्यासकाला या सगळ्यांत वावरावे लागते, पण सगळीकडे त्याचा मूळ प्रश्न एकच असतो: गोष्ट बिघडण्याआधी काय लिहून ठेवले होते?

चेर्नोबिलच्या वेळी या प्रश्नाचे उत्तर फार तोकडे होते. २६ एप्रिल १९८६ ला तिथली चौथी अणुभट्टी फुटली. जगाला ते कळले २८ एप्रिलला, तेही हजारहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार सापडला म्हणून. शेजाऱ्यांना ताबडतोब कळवण्याचे बंधन सोव्हिएत संघावर कोणत्याही सर्वसाधारण कराराने घातलेले नव्हते. नंतर मात्र चक्रे फिरली. २६ सप्टेंबर १९८६ ला, म्हणजे बरोबर पाच महिन्यांनी, अणुअपघाताची तातडीने सूचना देण्याचा आणि परस्परांना मदत करण्याचा असे दोन आंतरराष्ट्रीय करार तयार झाले.

आंतरराष्ट्रीय करारांना वर्षानुवर्षे लागतात, मग हे पाच महिन्यांत कसे जमले? याचे कारण म्हणजे व्हिएन्नाच्या कार्यालयात मार्गदर्शक तत्त्वांचे दोन मसुदे तयार होते, एक १९८४ चा आणि एक १९८५ चा. तेव्हा कुठल्याही सरकारला त्यांचे बंधन नको होते, म्हणून ते ऐच्छिकच राहिले. अपघात झाला, सगळी सरकारे हादरली आणि त्याच कागदांवरून करार उभे राहिले. ज्यांनी ते मसुदे लिहिले त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. पण कुणी मागितलेले नसताना नीट लिहून ठेवलेला मसुदा कधी ना कधी लागतो, हे या क्षेत्रात पहिल्याच वर्षी शिकवायला हवे असे मला वाटते.

आता पैशाकडे वळू. या कायद्याचा सर्वांत खोल आणि सर्वांत वादाचा भाग तोच आहे.

१९५७ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये ब्रूकहेवन प्रयोगशाळेने सरकारसाठी केलेला अभ्यास बाहेर आला. अणुभट्टीचा अगदी वाईट अपघात झाला तर ३,४०० माणसे मरतील आणि मालमत्तेचे नुकसान ७०० कोटी डॉलरपर्यंत जाईल, असा त्यात अंदाज होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने प्राइस-अँडरसन कायदा केला. खासगी विमा कंपन्या मिळून जास्तीत जास्त ६ कोटी डॉलरचा विमा द्यायला तयार होत्या. त्यावर सरकारने ५० कोटींची हमी घातली. एकूण झाले ५६ कोटी. अंदाज ७०० कोटींचा आणि तरतूद ५६ कोटींची! ही दरी चुकून राहिलेली नव्हती. मर्यादा घातली नाही तर कुणी अणुभट्टी बांधणारच नाही, हे उद्योगाने सरकारला स्पष्ट सांगितले होते.

या साच्यावरच १९६० चा पॅरिस करार आणि १९६३ चा व्हिएन्ना करार बेतले गेले. त्यांत पीडितांना एक मोठी सवलत आहे: कुणाचा निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करत बसायचे नाही, अपघात झाला की अणुकेंद्र चालवणारा जबाबदार. मोबदल्यात उद्योगालाही काही सवलती मिळाल्या. जबाबदार फक्त चालक, यंत्र पुरवणारा नाही. रक्कम मर्यादित. दावा दाखल करायची मुदत साधारण दहा वर्षे. खटला एकाच देशाच्या न्यायालयात.

व्हिएन्ना कराराने ठरवलेली किमान रक्कम पाहण्यासारखी आहे. ५० लाख अमेरिकी डॉलर, पण २९ एप्रिल १९६३ च्या सोन्याच्या मूल्यानुसार. तेव्हा एक औंस सोने ३५ डॉलरला होते. म्हणजे कायद्याच्या अभ्यासकाने आज ती रक्कम काढायची तर ५० लाखांना ३५ ने भागायचे, येणारे सुमारे १ लाख ४३ हजार औंस सोने आजच्या भावाने मोजायचे आणि मग न्यायालयात वाद घालायचा की ‘मूल्य’ म्हणजे बाजारभाव की तेव्हाचा सरकारी भाव. एका पोटवाक्यामुळे रक्कम शंभरपटीने इकडेतिकडे होऊ शकते.

दहा वर्षांची मुदत तर मला सरळ अन्यायाची वाटते. किरणोत्साराने होणारे कर्करोग वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतात. आजार होण्याआधीच ज्याचा दाव्याचा हक्क संपतो त्याला भरपाईचा हक्क होता असे कसे म्हणायचे? १९९७ च्या दुरुस्तीने मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी ही मुदत तीस वर्षांवर नेली आणि किमान रक्कमही बरीच वाढवली. पण त्यासाठी मध्ये चेर्नोबिल व्हावे लागले. चेर्नोबिलच्या पीडितांना तर या करारांचा उपयोगही झाला नाही, कारण सोव्हिएत संघ यांपैकी कुठल्याच करारात नव्हता. वेल्समधल्या मेंढपाळांवर चेर्नोबिलच्या किरणोत्सारी पावसामुळे आलेली विक्रीची बंधने २०१२ पर्यंत राहिली. जर्मनीने आपल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. मॉस्कोकडून कुणालाही काही मिळाले नाही, आणि एकाही देशाने रीतसर दावा लावला नाही.

जपानची तऱ्हा वेगळी. १९६१ च्या जपानी कायद्यात चालकाच्या दायित्वाला वरची मर्यादाच नाही. म्हणून मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर ते केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने दिलेली भरपाई १० लाख कोटी येनांच्या वर गेली, आपल्या हिशेबात पाच लाख कोटी रुपयांहून जास्त. कंपनीला ते एकटीला झेपले नाही, सरकारला तिच्यामागे उभे राहावे लागले. हा आकडा डोक्यात ठेवून आपल्याकडे पाहावे. भारताच्या २०१० च्या अणुदायित्व कायद्यात चालकाची कमाल जबाबदारी होती १,५०० कोटी रुपये.

त्या कायद्याची जन्मकथा कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. जून २०१० मध्ये भोपाळ वायुगळतीच्या खटल्याचा निकाल लागला. हजारो मृत्यूंबद्दल दोन वर्षांची शिक्षा झालेली पाहून देश संतापला होता. त्याच पावसाळ्यात हे विधेयक संसदेपुढे होते. वाद पेटला कलम १७ वर. चालकाने लोकांना भरपाई दिल्यावर ती पुरवठादाराकडून केव्हा वसूल करता येईल, याचे ते कलम. पोटकलम (अ) म्हणत होते, लेखी करारात तशी तरतूद असेल तर. पोटकलम (ब) म्हणत होते, पुरवलेली सामग्री किंवा सेवा सदोष असेल तर. मसुद्यात (अ) च्या शेवटी ‘आणि’ येऊन बसला होता. तो राहिला असता तर दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागल्या असत्या. पुरवठादाराने करारात जबाबदारी स्वतःहून पत्करली नसेल, तर यंत्र कितीही सदोष निघाले तरी तो मोकळा. विरोधी पक्षांनी हे पकडले आणि ‘आणि’ निघाला. मग (ब) मध्ये पुरवठादाराचा ‘हेतू’ सिद्ध व्हावा अशी दुरुस्ती आली, तीही मागे घ्यावी लागली. ऑगस्टच्या अखेरीस कायदा संमत झाला तेव्हा पुरवठादाराला हात लावणारे पोटकलम (ब) स्वतःच्या पायावर उभे होते.

आंतरराष्ट्रीय करारांच्या चौकटीत ते बसत नव्हते. वसुलीला तिथे दोनच वाटा आहेत, लेखी करार किंवा जाणूनबुजून केलेले कृत्य. अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्या त्यावर अडून बसल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा प्रकल्प आखला गेला. तो रखडण्यामागे किमतीबरोबर दायित्वाचा हा वादही होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा असे दोन्ही रद्द केले, खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली, मोठ्यात मोठ्या अणुभट्टीसाठी चालकाची मर्यादा ३,००० कोटींवर नेली आणि पुरवठादाराविषयीचे ते पोटकलम गाळले. भोपाळच्या निकालाच्या वर्षी मोठ्या हट्टाने मिळवलेले वाक्य असे गेले. गुंतवणूक हवी म्हणून ते काढले, हे समजते. पण त्याच्या जागी सदोष यंत्राबद्दल पुरवठादाराला धाक वाटेल असे दुसरे काही आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जैतापूरजवळच्या साखरी नाटे बंदरातला मच्छीमार घेऊ. समजा अपघात झाला. त्याचे घर शाबूत आहे, शरीराला इजा नाही, होडीही जागेवर आहे. फक्त त्या खाडीतली मासळी आता कुणी विकत घेत नाही. हे ‘अणुहानी’त मोडते का? २०१० च्या कायद्यातल्या व्याख्येत पर्यावरण बिघडल्यामुळे बुडालेले उत्पन्न धरलेले होते. पण त्याला एक शेपूट होते: केंद्र सरकार अधिसूचित करील तेवढ्यापुरतेच. मृत्यू, इजा, मालमत्तेची नासाडी यांना अधिसूचना लागत नव्हती. मच्छीमाराच्या बुडालेल्या हंगामाला मात्र लागत होती. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात इतकी भाषणे झाली, पण या शेपटाबद्दल कोकणातल्या किती सभांमध्ये बोलले गेले? अभ्यासकाचे काम नेमके हे असते. तो आंदोलनही करत नाही आणि जाहिरातही करत नाही. तो व्याख्या शेवटपर्यंत वाचतो आणि ज्याच्या पोटावर ते येणार आहे त्याला जाऊन सांगतो.

महाराष्ट्राचा या कायद्याशी संबंध मात्र जैतापूरच्या खूप आधीचा आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राविषयीचा १९६३ चा भारत-अमेरिका करार जगभरच्या अणुकायद्याच्या वर्गांत उदाहरण म्हणून येतो. अमेरिकेने तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवायचे आणि भारताने या केंद्रासाठी ते तिच्याकडूनच घ्यायचे, असे ठरले. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला: ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचे नाही. भारताचे म्हणणे साधे होते. दोघांनी मिळून केलेला करार एकाने घरी कायदा करून कसा मोडायचा? करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम २७ हेच सांगते की देशांतर्गत कायद्याची सबब पुढे करून करारातून सुटता येत नाही. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये इंधनाची निर्यात ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी वाचली. शेवटी १९८२ मध्ये तोडगा निघाला आणि अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यायचे ठरले. कोण बरोबर होते याचा निर्णय कुठल्याही न्यायालयाने दिलेला नाही. भारताने मात्र धडा घेतला. २००८ मध्ये अमेरिकेशी पुन्हा अणुकरार करताना इंधनपुरवठ्याची शाश्वती, साठा करण्याचा हक्क, पुरवठा तुटल्यास काय करायचे, यांवर आपले वाटाघाटी करणारे अडून बसले, त्यामागे तारापूरचीच आठवण होती.

ऊर्जा कायद्याची बाजू वेगळ्या प्रकारे महाग पडते. फुकुशिमानंतर जर्मनीने आपल्या अणुभट्ट्या ठरलेल्या वेळेआधी बंद करायचे ठरवले. व्हॅटेनफॉल या स्वीडनच्या सरकारी कंपनीचा तिथल्या दोन केंद्रांत पैसा होता. तिने १९९४ च्या ऊर्जा सनद कराराचा आधार घेतला आणि २०१२ मध्ये जर्मनीला वॉशिंग्टनच्या लवादापुढे खेचले. खटला नऊ वर्षे चालला. २०२१ मध्ये तडजोड झाली, चार कंपन्यांना मिळून सुमारे २४० कोटी युरो मिळाले, त्यांतले १४० कोटींहून अधिक एकट्या व्हॅटेनफॉलला. लोकांनी निवडलेल्या सरकारने लोकांच्या मागणीवरून घेतलेल्या निर्णयाची ही किंमत होती. भारत त्या सनदेत नाही. पण खासगी आणि परदेशी भांडवल अणुक्षेत्रात येणार असेल तर आपण गुंतवणुकीच्या करारांत काय कबूल करतो, याकडे आतापासून डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

नवे प्रश्नही थांबलेले नाहीत. मार्च २०२२ मध्ये रशियन फौजांनी युक्रेनचे झापोरिझ्झिया केंद्र ताब्यात घेतले, सहा अणुभट्ट्यांचे, युरोपातले सर्वांत मोठे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणी करारातले कलम ५६ अणुवीजकेंद्रांना संरक्षण देते, पण त्यातले अपवाद इतके लांबलचक आहेत की चालू युद्धात त्यांवर वाद घालायलाच जागा जास्त. दुसरीकडे रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर पेवेक बंदरात तरंगते अणुवीजकेंद्र २०२० पासून चालू आहे. व्हिएन्ना दायित्व करार जहाजाला शक्ती पुरवणाऱ्या अणुभट्टीला वगळतो. मग तराफ्यावर बसून शहराला वीज देणारी अणुभट्टी जहाजात मोडते की केंद्रात? आणि ती ओढत दुसऱ्या देशाच्या समुद्रातून नेत असताना? छोट्या, हलवता येणाऱ्या अणुभट्ट्यांची चर्चा आपल्याकडेही सुरू झाली आहे. ही उत्तरे आधी लिहून ठेवायला हवीत.

या वाटेने जायचे तर कसे? कायद्याची पदवी, मग आंतरराष्ट्रीय किंवा ऊर्जा कायद्यात पदव्युत्तर शिक्षण, ही सुरुवात. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात ऊर्जा कायद्याचे केंद्र १९७७ पासून आहे. फ्रान्सच्या माँपेलिए विद्यापीठात २००१ पासून दर उन्हाळ्याच्या अखेरीस अणुकायद्याचा आंतरराष्ट्रीय वर्ग भरतो, आणि २०११ पासून व्हिएन्नाची संस्थाही स्वतःचा अभ्यासवर्ग घेते. १९६८ पासून निघणारे अणुकायद्याचे नियतकालिक आणि व्हिएन्नाचा दोन भागांतला मार्गदर्शक ग्रंथ इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. फ्रेंच येत असेल तर फार उपयोग होतो. थोडे भौतिकशास्त्रही लागते: अर्धायुष्य म्हणजे काय, हे न कळता दाव्याची मुदत किती असावी हे सांगता येत नाही. नोकऱ्या थोड्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या बहुतेक मुदतीच्या. उमेदीची वर्षे टिपणे काढण्यात, तुलनात्मक तक्ते करण्यात आणि दुसऱ्याच्या नावाने जाणारे मसुदे घासूनपुसून देण्यात जातात. ज्याला नाव हवे त्याने इकडे येऊ नये.

पण मराठी मुलांना यात घरचे अंगण आहे. अणुऊर्जा विभागाचे मुख्यालय मुंबईत, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन मुंबईत, अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरला, आणि २०१५ मध्ये १,५०० कोटींचा अणुविमा निधी उभा करणारी जीआयसी रीसुद्धा मुंबईत. तारापूर आणि जैतापूर आपल्याच किनाऱ्यावर. एवढे असून या कायद्यावर मराठीत वाचायला जवळजवळ काही नाही, आणि ज्यांच्या दारात ही केंद्रे आहेत ते मराठीतच वाचतात.

म्हणून पालघर, रत्नागिरी, मुंबई, पुणे इथल्या विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. नवा कायदा मुळातून वाचा. त्यात ‘अणुहानी’ची व्याख्या काय आहे, मच्छीमाराचे बुडालेले उत्पन्न त्यात कुठे बसते, दाव्याची मुदत किती आहे, अर्ज कुणाकडे करायचा, हे सोप्या मराठीत लिहून काढा आणि तारापूर आणि जैतापूर परिसरातल्या नाटे, माडबन इथल्या ग्रामपंचायतींना द्या. नियमांचे मसुदे हरकतींसाठी खुले होतील तेव्हा मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा.